सहा तासांचा कोळसा

बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून आता मी होतकरू इंजिनिअरना शिकवतो. त्या दिवशी इंधनाचा हिशेब घ्यायचा होता. पुस्तकातलं गणित न देता मी फळ्यावर 'ह्यू लिंडसे'चे आकडे लिहिले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ४११ टनांची आगबोट, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, दोन्ही बाजूंना वल्ह्यांची चाकं. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुवेझला निघाली. पहिला थांबा एडन, साधारण १,६५० सागरी मैलांवर. कोळशाला जागा साडेपाच दिवसांची; लागणार अकरा दिवसांचा.

"काय कराल?"

कुणी म्हणालं, शिडं उभारू. शिडं होतीच. कुणी म्हणालं, केबिनमध्ये भरू. तसंच केलं होतं. प्रवाशांचा दिवाणखाना, म्हणजे सलूनसुद्धा सोडलं नव्हतं.

मागच्या बाकावरचा मुलगा उठला. वर्सोव्याचा, घरची मासेमारीची बोट. "सर, लांबच्या फेरीला बर्फ आणि डिझेल ठासून भरलं की पहिले दोन दिवस आमची बोट नुसती पाणी रेटते. हिची तर चाकं बाजूला. ती नको तेवढी बुडतील."

माझा खडू थांबला. हे मी पुढच्या तासाला सांगणार होतो. चाक खोल बुडालं की त्याच्या फळ्या पाण्यात शिरताना पाणी खाली दाबतात आणि निघताना वर उचलतात; बोट पुढे ढकलायला जोर कमी उरतो. म्हणजे एडन गाठण्यासाठी भरलेला कोळसाच वेग खाणार, आणि वेग घटला की कोळसा आणखी लागणार. कोळसा जळेल तशी बोट हलकी होऊन चाकं वर येणार. त्या इंजिनरूममधल्या माणसांना रोज नव्या बोटीवर काम केल्यासारखं वाटलं असेल. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

बोट अकराव्या दिवशी एडनला लागली तेव्हा सहा तासांचा कोळसा उरला होता. सुवेझला पोचायला महिन्याहून अधिक काळ लागला, त्यातले बरेच दिवस बंदरांत कोळसा चढवण्यात गेले.

तास संपला. वर्ग रिकामा झाला तरी तो वर्सोव्याचा मुलगा फळ्यापाशीच होता. सरासरी सव्वासहा नॉट, म्हणजे ताशी सव्वासहा सागरी मैल, गुणिले सहा तास.

"साडेसदतीस मैल, सर. एवढ्या लांबून एडनचा डोंगर दिसतो?"

"हवा स्वच्छ असली तर दिसतो," मी म्हणालो.