शिराझची वही : जून ते ऑगस्ट

इथे ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला, जून ते ऑगस्ट हिवाळा. थंडी पडली की रेड वाइन उघडायला निमित्त लागत नाही. यंदा मात्र ठरवून शिराझ घेऊन बसलो, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड : अ‍ॅडलेडजवळच्या बरोसा व्हॅलीतली एकच वायनरी, एकच मळा, द्राक्षांच्या तोडणीचं साल तेवढं वेगळं. 2018, 2012, 2011 आणि 2010.

2018 अजून पोरवयातच आहे. रंग जांभळट, पेल्याच्या कडेपर्यंत गडद. जांभळं, प्लम, वर व्हॅनिला आणि ओलं खोबरं. व्हॅनिला-खोबरं ही अमेरिकन ओकच्या पिंपांची देणगी. पेनफोल्ड्स वायनरीच्या मॅक्स शूबर्टने 1951 मध्ये ग्रेंज या नामांकित ऑस्ट्रेलियन शिराझचा पहिला प्रयोग केला तोही याच ओकमध्ये. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, हिरड्या धरून ठेवतं. डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, दोन तास ठेवूनही फारशी नमली नाही, पण उरलेली अर्धी बाटली दुसऱ्या संध्याकाळी कितीतरी मोकळी झाली होती. अशी बाटली मी खुशाल परत मागे ठेवतो. एका दिवसाच्या हवेने जी कोसळते, ती लवकर संपवायची.

2012 ला सध्या तोड नाही. फळ ताजं आहे, ओक मागे सरलाय, आणि शेवटी आंबटपणाची एक बारीक रेघ राहते. माझं मत असं की शिराझ टिकते ती या रेघेवर, नुसत्या दांडगेपणावर नाही. साडेपंधरा टक्के अल्कोहोल आणि जॅमसारखं फळ असलेल्या बाटल्या पहिल्या घोटाला भाव खातात, पण दहा वर्षांनी त्यांच्यात मनुका आणि जळजळ एवढंच उरतं.

आता 2011. त्या वर्षी बरोसात थंडी आणि पाऊस, द्राक्षांवर बुरशी. जाणकारांनी नाकं मुरडली होती. बाटली अंगाने सडपातळ आहे हे खरंच, पण मिरपूड काय सुरेख! हा वास रोटंडोन नावाच्या रेणूचा, खऱ्या काळ्या मिरीतही तोच असतो. शिराझमधला रोटंडोन 2008 मध्ये इथल्याच, अ‍ॅडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने उजेडात आणला. थंड, ओलसर वर्षी तो द्राक्षात जास्त उतरतो. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. आमच्या हिला येत नाही, त्यामुळे 2011 वरून घरात एकमत होणं अवघड.

2010 ची कडा विटकरी झालीये. सुकं अंजीर, चामडं, तंबाखू. रंगद्रव्यं आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना जोडली जातात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून रंग फिकटतो आणि घोट मऊ लागतो. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवली, मानेखाली टॉर्च धरून हळू ओतली, गाळ दिसताच थांबलो. ही डिकँटरमध्ये फार वेळ ठेवू नका, अर्ध्या तासात सुगंध उडून जातो.

साठवणीचं थोडक्यात : इथे जानेवारीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वाइन फ्रिज 14 अंशांवर. कॉर्कच्या बाटल्या आडव्या, स्क्रूकॅपच्या कशाही. पुण्या-मुंबईत फ्रिज नसेल तर मुरवण्याच्या भानगडीत पडू नये, दोन उन्हाळ्यांतच कारभार आटोपतो.

मध्येच एका मित्राने नाशिकची शिराझ आणली. तिकडे वेलीची एप्रिलमध्ये खरडछाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे फळ हिवाळ्याच्या गार रात्रींत तयार होतं. वाइन हलकी, मसालेदार, मला आवडली. पण तीन-चार वर्षांत पिऊन टाकावी अशी. मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर तर तीच बरी, बरोसाच्या अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं.

पुढचा बेत : 2010 या वर्षातच संपवायची, 2012 ची एक बाटली दर हिवाळ्यात, 2018 ला 2028 पर्यंत हात नाही. आणि ईडन व्हॅलीतली 2011 शोधायची. ती बरोसा व्हॅलीपेक्षा उंच नि थंड, म्हणजे मिरी आणखी चढलेली असणार.