जनरल ली यांच्या व्हर्जिनियात चार दिवस: आर्लिंग्टन ते लेक्सिंग्टन

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले सेनापती रॉबर्ट ई. ली यांच्या आयुष्याशी जोडलेली व्हर्जिनियातील स्थळे पाहण्यासाठी आम्ही दोघांनी ऑक्टोबरमधले चार दिवस राखून ठेवले होते. क्रम ठरवताना एकच गोष्ट मनाशी पक्की होती, ती म्हणजे त्यांचे राहते घर आधी पाहायचे आणि थडगे सर्वांत शेवटी. जाणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण लेक्सिंग्टनमधील त्यांची संगमरवरी मूर्ती आधी पाहिली, तर आर्लिंग्टनच्या घरामागील खोल्या पाहायला लागणारी नजर उरत नाही.

आर्लिंग्टन हाऊस हे ली यांच्या सासऱ्यांचे घर आज राष्ट्रीय दफनभूमीच्या मधोमध टेकडीवर आहे. घरापर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही. मेट्रोच्या ब्लू लाइनने आर्लिंग्टन सिमेट्री स्थानकावर उतरावे, सुरक्षा तपासणीसाठी ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पुढचा चढ पायी चढावा. गुडघ्यांचा त्रास असेल तर तिकीट काढून फिरत्या बसने जाता येते. घर पाहायला पैसे पडत नाहीत. सकाळी दार उघडताच पोहोचल्यास गर्दी कमी असते आणि दर्शनी खांबांजवळून पोटोमॅक नदी, पूल आणि पलीकडचे लिंकन स्मारक एका रेषेत शांतपणे पाहता येते.

दर्शनी दालनांपेक्षा घरामागील गुलामांच्या खोल्यांसाठी अधिक वेळ ठेवावा. आम्ही तेथे दीड तास होतो. सासरे जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस १८५७ साली वारले, तेव्हा त्यांच्या तीन मळ्यांवर मिळून सुमारे २०० गुलाम होते आणि त्यांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावे असे मृत्युपत्रात लिहिले होते. त्याची अंमलबजावणी ली यांच्याकडे आली. मळे कर्जात असल्यामुळे त्यांनी या माणसांकडून कष्ट करून घेणे चालूच ठेवले, काहींना कुटुंबापासून तोडून दूर कामाला पाठवले आणि मुदत वाढवून मिळावी म्हणून न्यायालयाकडेही दाद मागितली. १८५९ मध्ये वेस्ली नॉरिस, त्याची बहीण मेरी आणि त्यांचा एक भाऊबंद पळून गेले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. परत आणल्यावर ली यांच्या आज्ञेने पुरुषांना प्रत्येकी ५० आणि बहिणीला २० फटके मारण्यात आले आणि जखमांवर मिठाचे पाणी ओतण्यात आले, अशी हकिकत नॉरिसने १८६६ मध्ये सांगितली. ली यांनी खासगी पत्रांतून हा आरोप नाकारला होता. परंतु पळालेल्यांना पकडण्यासाठी दिलेल्या रकमेची नोंद त्यांच्याच हिशेबात सापडते. मला नॉरिसचे म्हणणे खरे वाटते. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना जोतीराव फुले यांनी ती ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, ते ही व्यवस्था मोडण्यासाठी झटलेले लोक होते, आणि त्या खोलीच्या उंबरठ्याशी उभे असताना मला त्या अर्पणपत्रिकेची फार तीव्रतेने आठवण झाली.

याच घरात २० एप्रिल १८६१ रोजी ली यांनी अमेरिकी सैन्याचा राजीनामा लिहिला. दोनच दिवस आधी त्यांना संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या, सैन्याचे नेतृत्व देऊ करण्यात आले होते. आपल्या राज्याविरुद्ध शस्त्र कसे उचलावे, या त्यांच्या मनातील द्वंद्वाची कथा नेहमी सांगितली जाते, आणि ते द्वंद्व खोटे होते असे मला म्हणायचे नाही. मात्र त्यांचे वरिष्ठ विनफिल्ड स्कॉट आणि नंतर प्रसिद्धीस आलेले जॉर्ज थॉमस हे दोघेही व्हर्जिनियाचेच होते आणि दोघेही संघराज्याशी एकनिष्ठ राहिले. म्हणजे दुसरी वाट मोकळी होती, आणि ली यांनी ती जाणूनबुजून नाकारली. पुढे १८६४ पासून या मळ्याच्या जमिनीवर सैनिकांची दफने सुरू झाली, काही तर थेट बागेच्या कडेला, जेणेकरून हे कुटुंब पुन्हा येथे राहायला येऊ नये. ली यांच्या मुलाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा नेला, १८८२ मध्ये तो जिंकला आणि १,५०,००० डॉलर घेऊन जागा सरकारला दिली. एवढे होऊनही वास्तूच्या अधिकृत नावात ‘रॉबर्ट ई. ली स्मारक’ हे शब्द आजही आहेत.

आर्लिंग्टनहून रिचमंडला जाणारा आंतरराज्य मार्ग ९५ शुक्रवारी दुपारनंतर अक्षरशः तुंबतो, त्यामुळे मधल्या वारी निघावे. रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर आता पाहायला जे आहे ते म्हणजे एक गोल हिरवळ. मे १८९० मध्ये येथे ली यांचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला, तेव्हा शहरातील कृष्णवर्णीय संपादक जॉन मिचेल यांनी लिहिले होते की हे स्मारक उभारायला कृष्णवर्णीयांचेच हात लागले आणि वेळ आली तर ते उतरवायलाही तेच हजर असतील. ८ सप्टेंबर २०२१ रोजी पुतळा उतरवण्याचे काम ज्या कंत्राटदाराने केले, तो कृष्णवर्णीय होता. हे माहीत असेल तरच त्या मोकळ्या वर्तुळाशी थांबण्याला अर्थ आहे; नसेल तर पाच मिनिटांत पाय पुढे वळतात. तेथून व्हॅलेंटाइन संग्रहालयात जावे. लेक्सिंग्टनची मूर्ती घडवणारे शिल्पकार एडवर्ड व्हॅलेंटाइन यांची कार्यशाळा तेथे जतन केली आहे आणि पराभवाला पावित्र्य देणारी कथा मातीतून आणि दगडातून कशी घडवली गेली, याची मांडणी तेथे नेमकी आहे.

तिसऱ्या दिवशी ॲपोमॅटॉक्स. गावाचे आणि जुन्या वस्तीचे नाव जवळजवळ सारखे असल्यामुळे नकाशात ‘ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाऊस राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’ असे पूर्ण नाव घालावे. ९ एप्रिल १८६५ रोजी मॅकलीन यांच्या घरातील दिवाणखान्यात ली यांनी उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. मूळ घर १८९३ मध्ये उतरवले गेले होते, आजचे पुन्हा बांधलेले आहे, हे ध्यानात ठेवावे. ग्रँट यांच्या अटी उदार होत्या: सैनिकांनी आपापले घोडे पेरणीसाठी घरी न्यावेत, आणि उपाशी सैन्याला २५,००० माणसांचा शिधा मिळावा. अटींची स्वच्छ प्रत ज्यांनी लिहिली, ते ईली पार्कर सेनेका या मूलनिवासी जमातीचे होते. समोरच्या खानावळीत शरण आलेल्या सैनिकांच्या सुटकेचे परवाने रात्रंदिवस छापले गेले. ती खोली चुकवू नये. या परगण्यातील निम्म्याहून अधिक लोक युद्धापूर्वी गुलाम होते, म्हणून हा केवळ दोन सेनापतींच्या भेटीचा दिवस नव्हता. त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले: युद्ध संपल्याच्या बातमीने मुंबईत कापसाचे भाव कोसळले आणि समुद्र बुजवून जमीन काढायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरांचा फुगा त्याच वर्षी फुटला.

ॲपोमॅटॉक्सहून लेक्सिंग्टनकडे जाताना ब्लू रिज डोंगर ओलांडावा लागतो. घाटरस्त्यात मोबाइलला रेंज मिळत नव्हती, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि अंधारापूर्वी पोहोचावे. युद्धानंतर ली येथील वॉशिंग्टन कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १२ ऑक्टोबर १८७० रोजी मरेपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी अभ्यासक्रम विस्तारला, सलोख्याची भाषा बोलली, युद्धस्मारके उभारण्यास नापसंती दर्शवली. हे सारे खरे आहे. त्याच माणसाने १८६६ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना, कृष्णवर्णीय लोक व्हर्जिनियातून गेले तर बरे, असे मत मांडले, हेही तितकेच खरे आहे. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा मी चार दिवस प्रयत्न केला आणि शेवटी असे वाटले की त्यांच्या दृष्टीने त्यांत विसंगती नव्हतीच, कारण त्यांना हवा असलेला सलोखा गोऱ्यांचा गोऱ्यांशी होता.

हे कॉलेज आता वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठ आहे. त्याच्या प्रार्थनागृहाच्या तळघरात कुटुंबाचे दफनस्थान आहे, बाहेर त्यांचा घोडा ट्रॅव्हलर पुरला आहे, आणि आत १८८३ ची ती निजलेली मूर्ती आहे. गणवेशातला सेनापती जणू छावणीत डोळा लागल्यासारखा पहुडला आहे. प्रार्थनागृहात ती पाहून प्रार्थना नेमकी कोणाची, हा प्रश्न मनात येतोच. जानेवारी १८७२ मध्ये याच गावात दक्षिणेचे माजी सेनानी जुबल अर्ली यांनी भाषण करून ली यांना निर्दोष ठरवले आणि १८६३ च्या गेटिसबर्ग लढाईतील पराभवाचे खापर ली यांच्या हाताखालचे सेनानी लाँगस्ट्रीट यांच्या माथी मारण्याची सुरुवात करून दिली. लाँगस्ट्रीट युद्धानंतर रिपब्लिकन पक्षात गेले होते आणि कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या बाजूने उभे होते, हा त्यांचा खरा अपराध होता. २०२१ मध्ये विश्वस्तांनी वास्तूचे ‘ली चॅपेल’ हे नाव बदलले, मात्र विद्यापीठाच्या नावातील ‘ली’ तसेच ठेवले. समारंभ किंवा विवाह असल्यास प्रार्थनागृह बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी वेळ पाहून घ्यावी.

परतीच्या वाटेवर शार्लट्सव्हिल लागते. २०१७ मध्ये गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचाराला निमित्त झालेला तेथील ली यांचा पुतळा २०२१ मध्ये हटवण्यात आला आणि २०२३ मध्ये वितळवला गेला, त्यामुळे बागेत पाहण्यासारखे काही नाही. त्याचे कांस्य नव्या कलाकृतीसाठी वापरायचे ठरवणारी संस्था, म्हणजे जेफरसन स्कूल आफ्रिकन अमेरिकन हेरिटेज सेंटर, त्याच शहरात आहे. जवळ तासभर असेल तर बागेऐवजी तेथे थांबावे.