तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लिशच धड येत नाही, मग इटालियन कसं जमणार?

हा प्रश्न मला सारखा येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. विचारणारी पोरं बहुतेक आपल्याच भागातली, सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, कुणी अॅग्री केलेलं, कुणी इंजिनिअरिंग, इटलीत मास्टर्सला जायचं चाललेलं असतं, आणि सूर एकच, "ताई, आमचं इंग्लिशच यथातथा, त्यात अजून एक भाषा कुठं शिकत बसू, कोर्स तर इंग्लिशमधूनच आहे ना?" काही जणांच्या आयाही विचारतात, त्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो, तिथं पोरगं उपाशी तर राहणार नाही ना. खरं सांगायचं तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, रोजच्या कामापुरतं इटालियन बोलायला शिका.

कोर्स इंग्लिशमधून असतो हे बरोबर. पण कोर्स वर्गात असतो, आणि वर्गाच्या बाहेर पाऊल टाकलं की सगळं इटालियन. मी उत्तर इटलीतल्या पादोव्हा शहरात होते, अन्नप्रक्रियेतलं मास्टर्स करायला. विद्यापीठ 1222 सालचं, गॅलिलिओनं तिथं 1592 ते 1610 शिकवलं, सगळं भव्यदिव्य आहे, पण उतरल्यावर आठ कामाच्या दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा फॉर्म भरायचा असतो आणि त्या काउंटरवरच्या बाईंना गॅलिलिओचं काही पडलेलं नसतं. पुढं बोटांचे ठसे द्यायला पोलिसांच्या कचेरीत, मग घरमालक, मग डॉक्टर. इंग्लिश फर्स्ट क्लास असलेली मुलंसुद्धा तिथं मुकीच. म्हणजे इंग्लिशचा न्यूनगंड घेऊन जाताय तो सांगलीतच ठेवून जा, तिथं त्याला गिऱ्हाईक नाही.

विद्यापीठाचं स्वतःचं भाषा केंद्र असतं, तिथं बाहेरून आलेल्यांसाठी अगदी सुरुवातीचा, ए-वन लेव्हलचा वर्ग असतो (त्याच्या पुढची पायरी ए-टू, मग बी-वन). आमचा वर्ग बोलण्यावर भर देणारा होता. मॅडम पहिल्या तासापासून फक्त इटालियन बोलायच्या, एक शब्द इंग्लिश नाही. वर्गात इराणचे, तुर्कस्तानचे, चीनचे, दोघं ब्राझीलची. ब्राझीलवाले सुसाट, कारण त्यांची पोर्तुगीज म्हणजे इटालियनची सख्खी बहीण, त्यांच्याशी बरोबरी करायच्या नादाला लागू नका. बाकी सगळा वेळ रोल प्ले. तू वेटर, मी गिऱ्हाईक. तू घरमालक, मी भाडेकरू, गिझर बंद पडलाय. सुरुवातीला लोक लाजून बाकाला चिकटून बसायचे. आपण सांगलीचे, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं त्या गावचे, नाट्यपंढरी म्हणून मिरवतो, तर एवढं तरी जमायला हवं की नको? गिझरवरचं माझं भांडण फार गाजलं होतं असं मी स्वतःच सांगते.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. इटालियन शिकताना इंग्लिशच्या वाटेनं जाऊ नका, मराठीच्या वाटेनं जा. आपल्या जिभेला ती भाषा निम्मी आधीच येते.

उच्चारापासून घ्या. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दातांना जीभ लावून म्हणायचा, त्यामुळं तुत्तो (म्हणजे सगळं) हे तुत्तोच, पण इंग्लिश स्पेलिंग डोळ्यासमोर ठेवून वाचलं की आपलीच पोरं टुट्टो म्हणतात आणि समोरचा चेहरा पाडतो. चहातला च वेगळा आणि चाकातला च वेगळा हे आपल्याला लहानपणापासून कळतं, इटालियनमधे दोन्ही आहेत, चाओमधे चहाचा च आणि पित्सात, ग्रात्सिएत (म्हणजे धन्यवाद) चाकाचा च. वर्गातले कितीतरी जण ग्राझी ग्राझी करत राहिले. जोडाक्षरांचं तसंच. कला आणि कल्ला यात आपण कधी गोंधळतो का? तसं नोनो म्हणजे नववा आणि नोन्नो म्हणजे आजोबा, सोनो म्हणजे मी आहे आणि सोन्नो म्हणजे झोप. वर्ष या अर्थाच्या आन्नोमधला एक न खाल्ला तर वय सांगताना शरीराचा भलताच भाग निघतो, तेवढं सांभाळा. मी वहीत सगळं देवनागरीत लिहायचे, बाजूचा इराणी मुलगा बघून म्हणायचा ही तर कविता वाटते. देवनागरीत एकच गोष्ट निसटते, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते. आपण मराठी माणसं सपाट बोलतो, ते लोक एक अक्षर लांबवून झोका देतात, म्हणून त्या अक्षराखाली मी रेघ मारायचे.

आणि व्याकरण! इंग्लिशवाले जिथं अडतात तिथं आपण सहज जातो. मला कॉफी आवडते, यात आवडते हे क्रियापद कॉफीच्या मागं जातं, माझ्या मागं नाही. मला सफरचंदं आवडतात. इटालियनमधे अगदी हेच, मि पियाचे इल काफ्फे, मि पियाच्चोनो ले मेले, कॉफी एक तर पियाचे, सफरचंदं अनेक तर पियाच्चोनो. आमच्या वर्गात एक आयरिश मुलगा होता तो यावर आठवडेच्या आठवडे डोकं धरून बसला होता, मी मनातल्या मनात मराठी बोलले आणि सुटले. बाई म्हणते मी गेले, पुरुष म्हणतो मी गेलो, हे इंग्लिशमधे नाही पण त्यांच्यात आहे, सोनो आन्दाता, सोनो आन्दातो. याच्यापुढचं तर मला फारच आवडलं. आपण म्हणतो पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, म्हणजे खाणारा कुणी का असेना, क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणं बदलतं. त्यांच्याकडं पित्सा स्त्रीलिंगी, आणि "पित्सा कुठाय?" असं विचारलं की उत्तर येतं लो मांजाता, म्हणजे मी खाल्ली, शेवटी आ, पित्सासाठी. हे ए-टू लेव्हलला येतं आणि तिथं भले भले गळतात. पांढरा शर्ट, पांढरी गाडी असं विशेषण बदलणं त्यांच्यातही आहे, ते तर सांगायलाच नको.

अहो-जाहोसुद्धा आहे. तू साठी तू (हो, तूच!) आणि तुम्ही साठी लेई. आमच्या मॅडम म्हणाल्या मला तू म्हणा, आणि माझ्या तोंडून काही केल्या निघेना, मॅडमना तू कसं म्हणणार. शेवटपर्यंत मी लेईच केलं, त्या हसायच्या.

जिथं मराठी उपयोगी पडत नाही ते पण सांगते, उगीच हुरळून जाऊ नका. आर्टिकल. इल, लो, ला, ई, ल्यी, ले, शिवाय त्यांची शब्दयोगी अव्ययांशी जोडाजोड. आपल्याकडं हे प्रकरणच नाही. पण सुरुवातीला आर्टिकल चुकलं म्हणून कुणी टोमॅटो द्यायचं थांबवत नाही, आणि आपला विषय सध्या टोमॅटो आहे.

तर टोमॅटो. पादोव्हात गावाच्या मधोमध एक प्रचंड जुना वाडा आहे, पलात्सो देल्ला राजोने, त्याच्या खाली मांस आणि चीजची दुकानं आणि शेजारच्या चौकात सकाळी भाजीबाजार. आपल्यासारखं हात घालून निवडायचं नाही, मागायचं आणि तो देतो. म्हणजे बोलल्याशिवाय भाजी नाही. मी रस्त्यानं पाठ करत जायचे, मेद्झो किलो दी पोमोदोरी, अर्धा किलो टोमॅटो. म्हटलं. बरोबर म्हटलं. आणि तो माणूस पिशवी हातात घेऊन म्हणाला, "दा इन्सालाता ओ दा सूगो?" झालं. हे पुस्तकात नव्हतं. कोशिंबिरीला हवेत की सॉसला, असं विचारत होता, कारण दोन्हीचे टोमॅटो वेगळे असतात. मागं म्हाताऱ्या बायकांची रांग.

बोलणं म्हणजे नेमकं हे, आपलं वाक्य म्हणणं नव्हे, त्यानंतर येणारा प्रश्न पेलणं. अॅप वाईट नाही, मी पण वापरलं, पण अॅप तुमची वाट बघत बसतं, रांगेतली म्हातारी बघत नाही. म्हणून वर्गात मॅडमनी सगळ्यात आधी जे शिकवलं ते सगळ्यात कामाला आलं: परत सांगता का, हळू बोला, याला काय म्हणतात, आणि मी इटालियन शिकतीय, इटालियनमधेच बोला. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पादोव्हा विद्यार्थ्यांचं गाव, तुम्ही अडखळलात की पोरं लगेच इंग्लिशवर येतात. भाजीवाला येत नाही, म्हणून तो खरा गुरू. शंभर ग्रॅमला ते एत्तो म्हणतात, दोन एत्ती ऑलिव्ह असं मागायचं, आणि किंमत सांगताना युरो वगैरे काही न म्हणता त्रे ए चिन्क्वान्ता एवढंच, म्हणजे साडेतीन. शिवाय आल्लोरा. काही सुचेना की आल्लोरा म्हणायचं आणि लांबवायचं, आपण "म्हंजे कसंय" म्हणून वेळ काढतो तसं.

त्याच भाजीवाल्याची अजून एक गोष्ट. काही महिन्यांनी त्यानं विचारलं घरचे काय करतात, मी म्हटलं वडिलांची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. हे वाक्य वर्गात ओळख करून देताना इतकं घोटलं होतं की झोपेतही आलं असतं. तर तो पण द्राक्षवाल्या गावचा निघाला, वेनेतोत, म्हणजे पादोव्हा ज्या प्रांतात येतं तिथं, सगळीकडं द्राक्षच. मग छाटणीवर गाडी आली. त्यांची छाटणी वर्षातनं एकदा, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. मी म्हटलं आमच्याकडं दोनदा, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. "दूए वोल्ते?" दोन बोटं वर करून त्यानं शेजारच्या स्टॉलवाल्याला ओरडून सांगितलं. का म्हणून विचारलं तर खरड छाटणी, फळ छाटणी, काडी तयार करणं, घड निर्मिती यातला एक शब्द माझ्याकडं नव्हता. जे होतं त्यात सांगितलं: दा नोई नोन चे फ्रेद्दो, ला वीते नोन दोर्मे. आमच्याकडं थंडी नाही, वेल झोपत नाही. त्याला कळलं, लगेच कळलं, त्यानं वरनं स्वतःच विचारलं मग पाणी कधी तोडता. पहिल्या लेव्हलच्या शब्दांत शेतीवर गप्पा होतात हे मला त्या दिवशी समजलं, इंग्लिशमधे मी हे कधी कुणाला समजावलं नव्हतं.

अजून एक सोय म्हणजे टॅन्डम. तुम्हाला इटालियन हवं, एखाद्या इटालियन विद्यार्थिनीला इंग्लिश हवं, अर्धा तास हे अर्धा तास ते. माझ्या जोडीदारणीचं इंग्लिश माझ्यापेक्षा कच्चं होतं, तेव्हा मला कळलं आपलं अगदीच काही वाईट नाही. मी तिला भडंग नेलं होतं, लसूण, शेंगदाणे, मिरची हे सगळं सांगता आलं, मुरमुऱ्याला मात्र तांदूळ फुगवून दाखवायचा अभिनय करावा लागला.

तोंडी परीक्षेची भीती पण खूप जणांना असते. तिकडं मुळात परीक्षाच जास्त तोंडी, फक्त भाषेची नाही तर मुख्य विषयांचीसुद्धा, प्राध्यापकासमोर बसायचं आणि बोलायचं. मार्क तीसपैकी, अठराला पास. आणि मार्क कमी वाटले तर नाकारून परत बसता येतं, हे ऐकून माझ्या वडिलांना अजून विश्वास बसत नाही. भाषा वर्गाची तोंडी त्यामानानं साधी, ओळख, एक चित्र, एक प्रसंग.

सर्टिफिकेट विचारणाऱ्यांसाठी: सिएनाची चिल्स आणि पेरुजाची चेली या नावाजलेल्या परीक्षा आहेत. शिकायला जाताना कोर्स इंग्लिशमधला असेल तर त्याची काळजी आत्ता नको. पुढं तिथं कायमचं राहायचा परवाना हवा तर ए-टू, नागरिकत्वाला 2018 पासून बी-वन.

जायच्या आधी इथं काय करू, तर दोघं तिघं जमा, आमराईत बसा नाहीतर कुणाच्या गच्चीवर, एकानं भाजीवाला व्हायचं. पाठ केलेलं वाक्य गिऱ्हाइकानं म्हणायचं आणि भाजीवाल्यानं ठरलेल्याबाहेरचा एक प्रश्न विचारायचाच, नाही विचारला तर तो खेळ बाद. वाचायचं ते मोठ्यानं, मनात नाही. आणि आयांनो, पोरगं खोलीत एकटंच हातवारे करून बडबडत असेल तर ते अभ्यासच करतंय, कुणाशी बोलतोयस म्हणून दार उघडू नका.