कोळंबीची मुंडकी फेकू नका रे

लग्न होईपर्यंत मी कोळंबीचं डोकं नीट पाहिलंच नव्हतं. ठाण्याला आई ओळखीच्या कोळणीकडून सोलूनच आणायची, त्यामुळे कोळंबी म्हणजे कालवणातली वाकडी गुलाबी वस्तू एवढंच ज्ञान. आता नेरूळला राहतो आणि रविवारी जवळच्या दिवाळे गावात जाऊन मासळी आणायचं खातं माझ्याकडे आहे.

मध्ये एकदा आळस केला, सोललेली कोळंबी घरपोच मागवली, पाकीट फोडलं तर अमोनियाचा असा भपकारा आला की खालच्या मांजरींनी पण तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी नेहमीच्या मावशींना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या, "मुंडक्याबिगर कोलबी घेतोस कशी रं?" मग पाटीतली एक उचलून दाखवली, डोकं धडाला घट्ट, कवच चकचकीत, मिशा शाबूत. दुसरी उचलली तर मान लोंबतेय, डोक्यावर काळं पडलेलं. "ही कालची." आणि वर कालचीच मला स्वस्तात देऊ करत होत्या, तो भाग वेगळा.

तर आपण ज्याला डोकं म्हणतो ते तिचं डोकं आणि छाती एकत्र असते. मेंदू, हृदय, पोट सगळा संसार तिथेच. नारिंगी गाळासारखं जे निघतं ना, ती पचनाची ग्रंथी, जिवंत असेपर्यंत ती अन्न पचवते, मेल्यावर तिच्यातली एन्झाइम्स मालकिणीलाच पचवायला घेतात, म्हणून मान आधी सैल होते. काळं पडतं ते पण एन्झाइममुळेच, चिरलेलं वांगं काळं पडतं तसं.

आणि मागचा भाग, जो आपण खातो, तो जवळजवळ सगळा मसल. कोणी अंगावर आलं की कोळंबी शेपूट झटकन पोटाखाली ओढते आणि उलटी मागे पळते. म्हणजे आपण तिचं पळून जायचं इंजिनच खातो. गॅसवर ते आणखी आखडतं, दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं की रबर, तेव्हा कालवण उकळल्यावर अगदी शेवटी टाका, प्लीज. लाल रंग पण तिच्यात आधीपासून असतो, ॲस्टाझँथिन म्हणतात, खाण्यातून आलेला. कच्चेपणी प्रोटीनने धरून ठेवलेला असतो म्हणून ती राखाडी दिसते, आच लागली की सुटतो. आपल्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग पण ह्याच घराण्यातला आणि खाण्यातूनच आलेला.

मार्केटमधली एका मापाची पांढरट कोळंबी बहुतेक तळ्यातली व्हॅनामेई असते, मूळची मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्यावरची, आपल्याकडे 2009 पासून तिची शेती होते, सगळ्यात जास्त आंध्रात. वाईट नसते, पण खाडीच्या कोळंबीची गोडी नाही (हे माझं मत, भांडू नका). आपल्याकडच्या बऱ्याच जातींच्या माद्या समुद्रात लाखांनी अंडी सोडतात, त्यातली वाचलेली पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिवरांत वाढतात आणि मोठी झाली की परत समुद्रात. म्हणजे पामबीच रोडवरून जाताना जो चिखल बघून आपण काच वर करतो ती ह्यांची पाळणाघरं आहेत, आणि तिथे भराव पडला की कोळंबीचा वाटा महाग होणारच.

मुंडक्यांचं काय करायचं, तर डोळ्यांपुढचा काटा कापा, तेलात लसणीबरोबर कुरकुरीत परता, पाणी घालून दहा मिनिटं उकळा, पळीने चेचून गाळा. त्या पाण्यात आगरी मसाला, कैरी, शेवग्याच्या शेंगा. नारळ घातला नाही तरी चालतं, खरंच.

परवा मुलगी बाजूला उभी राहून सोलताना बघत होती, विचारते, "बाबा, हिला दुखतं का?" मी सांगितलं, बहुतेक दुखत असावं, ब्रिटनने 2022 च्या कायद्यात कोळंबी-खेकड्यांना संवेदना असलेल्या प्राण्यांमध्ये धरलंय. ती बराच वेळ गप्प. जेवताना रसा दोनदा घेतला, कोळंब्या मात्र ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवल्या, आणि बायको माझ्याकडे असं बघत होती की त्या मी मुकाट्याने माझ्या ताटात घेतल्या.