आमची वाटचाल: अवतरणातला स्टार

आम्ही कागदपत्रांत शोध घेणारं सॉफ्टवेअर बनवतो. अवतरणचिन्हांत स्टार (*, म्हणजे "इथून पुढे काहीही") चालत नाही, हे पहिल्या आवृत्तीच्या मदतपानावर आम्ही लिहिलं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत. तिथवर कोण वाचतं?

आतलं शोध-इंजिन ल्युसीन. त्याचा नेहमीचा पार्सर (लिहिलेल्या शोधाचा अर्थ लावणारा भाग) अवतरणातला मजकूर जसाच्या तसा अ‍ॅनालायझरला (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला) देतो आणि अ‍ॅनालायझर स्टारला विरामचिन्ह समजून गाळतो. "करार मोड*" लिहिलं की शोध होतो "करार मोड" एवढ्याचाच. "करार मोडला", "करार मोडल्यास" राहतात बाहेर, आणि एररही येत नाही. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाला असेच शून्य निकाल मिळाले, त्यांनी ते खरे मानले, आणि नंतर कागद दुसऱ्याच कुणाला सापडले. कंत्राट गेलं. स्पर्धकाने माहितीपत्रकात ठळक छापलं: "आमच्याकडे अवतरणातही स्टार चालतो!"

घाईघाईत आम्हीही तो चालू केला. ल्युसीनमध्ये त्यासाठी कॉम्प्लेक्स फ्रेझ पार्सर आहेच. पण तो स्टारच्या जागी इंडेक्समधले (कागदांतल्या शब्दांच्या सूचीतले) जुळणारे सगळे शब्द भरतो. "कर* मोड*" मध्ये कर* ला करार मिळतो, तसे करणे, करते, करमणूक आणि करवंदही मिळतात. एका शोधात १०२४ उपवाक्यांची (इथे, पर्यायी शब्दांची) मर्यादा लगेच ओलांडली. आम्ही मर्यादाच वाढवली, मग मेमरी संपली आणि सर्व्हर बसला. उरलेल्या दोनपैकी एक ग्राहक त्या आठवड्यात गेला.

राहिल्या त्या एका वकिली कार्यालयातल्या दप्तर सांभाळणाऱ्या बाई. त्या प्रत्येक क्वेरी (शोधासाठी लिहिलेला मजकूर) वहीत उतरवून शेजारी लिहीत, "मला काय हवं होतं". क्वेरी लिहिण्याचं आमचं नवं व्याकरण त्या वहीवरून बेतलं. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: पार्सरला हात लावण्याआधी लोकांनी लिहिलेल्या दोनशे क्वेरी गोळा करा. आणि पार्सर रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचे नमुने जुळवणाऱ्या सूत्रांनी) लिहू नका. कंसात कंस आला की तो कोलमडतो.

वहीतल्या निम्म्या तक्रारी अंतराच्या होत्या. ल्युसीनचा ~ म्हणजे शब्दांमधलं अंतर नव्हे, शब्द किती घरं सरकवावे लागतील तो आकडा. म्हणून "करार भंग"~१ ला "भंग करार" सापडत नाही. उलट्या क्रमाला २ लागतात. हे बाईंना समजावत बसण्यापेक्षा कायद्याच्या जुन्या शोधसेवांचं वळण उचललं: /५ म्हणजे पाच शब्दांच्या आत, क्रम कोणताही, +५ म्हणजे डावा शब्द आधी. दोन्ही ल्युसीनच्या स्पॅन क्वेरीवर (शब्दांच्या जागा पाहणाऱ्या शोधावर) बसतात.

"अटी व शर्ती" ने वेगळंच छळलं. स्टॉपवर्ड (शोधात दुर्लक्षिला जाणारा किरकोळ शब्द) म्हणून "व" गाळला आणि त्याची जागाही मिटवली, तर "अटी शर्ती" सुद्धा तंतोतंत जुळतं. आता एकही शब्द गाळत नाही. "व", "आणि" यांच्या नोंदी अफाट लांब होतात, म्हणून अशा शब्दांच्या शेजाऱ्यासह जोड्या वेगळ्या टोकन (इंडेक्समधला एकेक शब्द) म्हणून ठेवतो.

नंतर स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ, म्हणजे स्टेम, ठेवणारा भाग) बसवला तेव्हा करारा* ला काहीच मिळेना, कारण इंडेक्समध्ये उरला होता नुसता "करार", आणि स्टारवाला शब्द स्टेमरकडे जातच नाही. कागदातलं मूळ रूप आणि स्टेम दोन्ही एकाच पोझिशनवर (मजकुरातल्या एकाच जागी), दुसऱ्याची वाढ ० ठेवून, म्हणजे जागा पुढे न सरकवता, साठवल्यावर सुटलं. इंडेक्स फुगला, फुगू दे.

वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं सर्वांत आधी सरळ करून घेतो. बंद न केलेलं अवतरण मात्र आपणहून बंद करत नाही. कितव्या अक्षरावर उघडलं ते दाखवतो. स्टारआधी काना-मात्रा धरून किमान तीन चिन्हं लागतात (मोड* चालतो, कर* नाही) आणि शोधाआधी तो किती शब्दांत उलगडला तो आकडा दिसतो. क्वेरी कशी समजली तेही साध्या वाक्यात परत छापतो. बाई आधी ते वाक्य वाचतात, मग निकाल.

करार /५ मोड* /१० नुकसान असं लिहिलं, तर दहा शब्द कुठून मोजायचे, करारापासून की मोडण्यापासून? आम्ही कंस मागतो. करार /५ (भंग आणि नुकसान) यावर तर सरळ नकार देतो: दोन्ही शब्द कराराच्या एकाच उल्लेखाजवळ हवेत, की वेगवेगळ्या उल्लेखांजवळ चालतील, ते लिहिणाऱ्यानेच सांगावं. स्पर्धकाचं सॉफ्टवेअर काहीही न विचारता दुसरा अर्थ धरतं आणि निकाल दाखवतं. त्यांच्या तुलनातक्त्यात या ओळीला त्यांच्यापुढे बरोबरची खूण आहे, आमच्यापुढे फुली.