चेंबर्लिताशच्या गरम दगडावर

इस्तंबूलच्या एका जुन्या हमाममध्ये, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, शिरण्याआधी मंगळसूत्र रुमालात बांधून लॉकरमध्ये ठेवलं. आत धातू तापतो, कातडीला चटका बसतो, असं लेकीने आदल्या रात्रीच बजावलं होतं. हातातल्या दोन बांगड्या काही केल्या निघेनात, तेव्हा तिनेच साबण लावून त्या हलक्या हाताने उतरवल्या. मग अंगाला गुंडाळायला चौकडीचं सुती वस्त्र मिळालं. त्याला तिथे पेश्तेमाल म्हणतात. आपल्या पंचाचाच भाऊ, फक्त जरा रुंद आणि घट्ट विणीचा. पायात सपाता. पूर्वीच्या बायका इथे उंच लाकडी खडावा घालून यायच्या, श्रीमंताघरच्या खडावांवर शिंपल्याची नक्षी असायची. आता सगळ्यांना सारख्याच सपाता, आणि ओल्या संगमरवरावर त्याच बऱ्या.

नोव्हेंबरात आम्ही दोघी इस्तंबूलला गेलो होतो. लेक म्युनिकला नोकरी करते, ती तिकडून आली आणि मी मुंबईहून. पहिल्या दिवशी राहत्या हॉटेलच्या तळघरातल्या 'हमाम'मध्ये गेलो. टाइल्स लावलेली एक खोली, कोपऱ्यात वाफ सोडणारं यंत्र, आणि घाईत असलेली एक मुलगी. वीस मिनिटांत नुसत्या ओल्या होऊन बाहेर आलो. पैसे गेल्याचं फार वाटलं नाही, पण एवढ्या लांब येऊन हे असं पाहिल्याचं वाईट वाटलं. लेक म्हणाली, "आई, खऱ्या हमाममध्ये जाऊ. जुन्या."

सुलतानअहमेतहून बाजाराकडे जाणाऱ्या टी-१ ट्रामचा चेंबर्लिताश हा थांबा. थांब्याला नाव दिलंय ते शेजारच्या खांबाने. सम्राट कॉन्स्टंटाइनने 330 साली आपली नवी राजधानी उभी केली तेव्हाचा हा जांभळट दगडाचा स्तंभ. पुढे तो ढासळू नये म्हणून लोखंडी कडी घातली. चेंबर म्हणजे कडं आणि ताश म्हणजे दगड, म्हणून चेंबर्लिताश. त्याच्या सावलीत, रस्त्याच्या पातळीपेक्षा जरा खाली, हा हमाम आहे. 1584 साली बांधलेला. रचना मिमार सिनानची, म्हणजे सुलेमानिये मशीद ज्याने बांधली त्याच वास्तुकाराची. बांधवून घेतला नूरबानू सुलतानने. ऑटोमन सुलतान दुसऱ्या सलीमची ही बेगम आणि पुढचा सुलतान तिसऱ्या मुरादची आई. काम पुरं व्हायच्या आधीच, 1583 च्या डिसेंबरात ती गेली. या हमामचं उत्पन्न तिने बॉस्फरसच्या सामुद्रधुनीपलीकडे उस्कुदारला उभारलेल्या धर्मादाय संस्थेच्या खर्चाला लावून दिलेलं होतं. तिकिटाच्या खिडकीशी उभी असताना हे मनात आलं आणि बरं वाटलं. लोकांच्या आंघोळीच्या पैशावर गरिबाला जेवण मिळायचं.

हमाम जुळा आहे. एक बाजू पुरुषांची, एक बायकांची, मध्ये भिंत. बायकांच्या बाजूचं कपडे बदलायचं जुनं दालन मात्र एकोणिसाव्या शतकात दिवानयोलू रस्ता रुंद करताना पाडलं गेलं. पुरुषांचं शाबूत राहिलं. रस्ता रुंद करायचा म्हटल्यावर कुणाचं दालन कापलं गेलं, हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच झाले.

कोमट खोली ओलांडून आत गेलं की खरा हमाम. गोलाकार मांडलेल्या बारा खांबांवर मोठा घुमट, आणि घुमटाला बारीक बारीक गोल भोकं, प्रत्येकावर जाड काच. तुर्की लोक त्यांना हत्तीचे डोळे म्हणतात. दिवा नाही तरी चालेल असा उजेड त्यातून खाली येत होता आणि मधल्या धुक्यात त्याच्या तिरप्या काठ्या झाल्या होत्या. अशा उजेडात कुणाचंच शरीर उघडं वाटत नाही. सत्तरीची एक आजी होती, पोटावर शस्त्रक्रियेची उभी खूण. दोन कोरियन मुली होत्या. एक मायलेकीची तुर्की जोडी कोपऱ्यात एकमेकींची पाठ घासत होती. मी छातीशी घट्ट धरलेलं पेश्तेमाल केव्हा सैल झालं ते मला कळलंही नाही.

मधोमध मोठा संगमरवरी ओटा. त्याचं नाव गोबेकताशी, म्हणजे बेंबीचा दगड किंवा पोटाचा दगड म्हणा. त्यावर उताणं पडायचं आणि काहीही करायचं नाही. आपल्याकडे तुर्की हमाम म्हटलं की वाफेची खोली डोळ्यांपुढे येते. तसं हे नाही. वाफ असते, पण बेताची. ऊब येते ती खालून, दगडातून. बाजूला भट्टी असते, तिला क्युल्हान म्हणतात. पूर्वी तिथे लाकडं जळायची आणि धग व धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरून भिंतीतल्या नळ्यांवाटे वर जायचा. त्या पोकळीला नाव आहे जेहेन्नेमलिक. जहन्नम, तोच शब्द. नरकावर झोपायचं आणि अंग शुद्ध करून उठायचं! ही युक्ती मुळात रोमनांची. ती तुर्कांनी घेतली, पण साचलेल्या पाण्याचा हौद काढून टाकला, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे अंग शुद्ध होतं ते वाहत्या पाण्याने. लाकूड आणि पाणी इतकं लागायचं की 1768 साली सुलतानाने इस्तंबूलमध्ये नवे मोठे हमाम बांधायला बंदीच घातली. आता भट्टीत गॅस असतो, पण दगडाला त्याचं काही नाही. पाठीला आधी ऊब, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंना ओल, आणि पाचेक मिनिटांनी कपाळावरून घाम कानात उतरायला लागला. एक तुर्की म्हण आहे, हमामात शिरला त्याला घाम येणारच. कामाला हात घातला की त्रास सोसावा लागतो, अशा अर्थाने ती वापरतात.

अर्धा तास तरी असं पडून राहा. घाई करू नका. कातडी मऊ झाली नाही तर पुढचं सगळं वाया जातं. भरल्या पोटी जाऊ नका, आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. मला दोनदा उठून बाहेर पाणी प्यावं लागलं.

मग ती आली. बायकांच्या बाजूला आंघोळ घालणाऱ्या बाईला नातर म्हणतात, पुरुषांकडे तेल्लाक. माझ्याच वयाची असावी, साठीच्या अलीकडची. रुंद खांदे, केस वर गुंडाळलेले, गळ्यात काही नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तुर्की नाही. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "गेल, आब्ला." गेल म्हणजे ये. आब्ला म्हणजे ताई. मी ओट्याच्या कडेशी सरकले.

तिच्या हातात केसे होती. केसे म्हणजे हातात घालायची खरखरीत पिशवी. शब्द फारसीतला, आणि आपला खिसा त्याच मुळातून आलेला. ती पिशवी हातावर चढवून तिने माझा दंड धरला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत एक लांब, सरळ, न थांबणारा हात ओढला. दुसरा. तिसरा. दुखलं नाही, पण हयगयही नव्हती. मग तिने माझा दंड माझ्याच डोळ्यांसमोर धरला. करड्या रंगाच्या बारीक बारीक वळ्या झाल्या होत्या, खोडरबराने कागद पुसल्यावर होतात तशा. रोज दोन वेळा आंघोळ करणारी मी! तिने मान हलवली, जणू म्हणत होती, असतंच हे, सगळ्यांचं असतं. आणि पाण्याची वाटी भरून सगळं धुऊन टाकलं.

पाणी भिंतीशी असलेल्या कुर्नातून यायचं. कुर्ना म्हणजे संगमरवराचं घंगाळ म्हणा ना. त्याला तळाशी भोक नसतं. नळ चालू, पाणी काठावरून वाहतंय, आणि तासाने, म्हणजे धातूच्या पसरट वाटीने, ते काढून अंगावर ओतायचं. साबणाचं पाणी चुकूनही कुर्नात पडू द्यायचं नाही, ते पुढच्या बाईचं पाणी असतं. लेकीने वाटी तिरपी धरली तेव्हा नातरने तिचा हात अलगद बाजूला केला.

नंतरचा फेस मी विसरणं शक्य नाही. उशीच्या अभ्र्यासारखी पातळ कापडी पिशवी तिने साबणाच्या पाण्यात बुडवली, झटक्याने हवेत फिरवून फुगवली, तोंड मुठीत धरलं आणि वरपासून खालपर्यंत पिळत आणली. विणीतून फेसाचा ढग बाहेर आला आणि माझ्या पाठीवर बसला. वजन असं नाहीच, फक्त ऊब. एक, दोन, तीन ढग. मी मानेपासून पायापर्यंत दिसेनाशी झाले. त्या फेसाखाली तिने मालिश केलं. मानेच्या मुळाशी अंगठा, पोटऱ्यांना तळहात, तळपायाला मूठ. "द्योन," म्हणाली, म्हणजे वळ. मी वळले. मग मला कुर्नाजवळ खाली बसवलं, स्वतः कडेच्या पायरीवर बसली, माझं डोकं आपल्या गुडघ्याशी घेतलं आणि केस धुवायला लागली.

तिथे मला रडू आलं. घाम, पाणी, साबण, सगळं वाहतच होतं, त्यामुळे कुणाला दिसलं नसेल.

दुसऱ्या बाईने मला आंघोळ घातली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. लेकीच्या जन्मानंतरचा सव्वा महिना, माहेरी. मालिशवाल्या मावशी सकाळी आठला यायच्या. आधी बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन तेल, डाळीचं पीठ, बंबातलं पाणी. मग मला. पाटावर बसवून पाठ चोळायच्या, कमरेवर कढत पाण्याचे तांबे ओतायच्या, पोट घट्ट बांधायच्या, आणि ओव्या-शोपेची धुरी द्यायच्या. तुर्कस्तानातही बाळ-बाळंतिणीला चाळिसाव्या दिवशी हमाममध्ये घेऊन यायची रीत होती, असं लेकीने वाचून दाखवलं होतं. नवरीची आंघोळही हमामातच व्हायची, नातेवाईक बायका गोळा होऊन, गाणी म्हणत. तिकडचे चाळीस दिवस, इकडचा सव्वा महिना. बायकांच्या अंगाला किती दिवस दुसरीचा हात लागतो हे दोन्हीकडच्या बायकांना सारखंच ठाऊक होतं.

त्या मावशींना आईने शेवटच्या दिवशी साडी, नारळ आणि ठरलेले पैसे दिले. मी नमस्कार केला. पण त्यांचं नाव? ते मी कधी विचारलंच नाही. घरात सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचे. माझं फाटलेलं, थकलेलं शरीर ज्या बाईने महिनाभर सांधून दिलं तिचं नाव मला माहीत नाही, हे त्या गरम फरशीवर बसून मला पहिल्यांदा कळलं. आई आता नाही. विचारणार कुणाला?

मी नातरच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, आमची तासाभरात होतात तशी, पण तिची सकाळपासून असणार. आपण त्या उष्णतेत तासभर राहतो आणि दमतो. ती दिवसभर त्यात उभी असते, वाकते, उचलते, ओतते.

आम्ही तेलाच्या मालिशचेही पैसे भरले होते. ते वेगळ्या खोलीत, टेबलावर. चांगलं होतं, पण असं मालिश कुठल्याही मोठ्या शहरात मिळेल. पैसे वाचवायचे असतील तर ते सोडा आणि दगडावरचं करा. आणि अंग पुसल्यावर लगेच कपडे चढवू नका. मालिश झालं तरी गरम दालनात परत जाऊन हवा तेवढा वेळ पडून राहता येतं. आम्ही तसंच केलं. लेकीने माझ्या पाठीवर पाणी घातलं, मी तिच्या. लहानपणी ती डोक्यावर पाणी घेताना किंचाळायची. या वेळी डोळे मिटून शांत बसली.

बाहेरच्या दालनात टॉवेलात गुंडाळून बसलो, पातळ काचेच्या पेल्यात चहा घेतला. एक बाई जाता जाता म्हणून गेली, "सिह्हतलेर ओल्सुन." न्हालेल्या किंवा हजामत करून आलेल्या माणसाला असं म्हणतात. अर्थ, आरोग्य लाभो.

बक्षिसी द्यायची रीत आहे. ती खिडकीवर न देता आपल्या नातरच्याच हातात द्यावी, असं मला वाटतं. मी आत निरोप पाठवला. ती ओल्या पायांनी दारापर्यंत आली. मी तिच्या हातात पैसे ठेवले आणि लेकीकडून शिकून घेतलेला प्रश्न विचारला, "आदनझ ने?" तुमचं नाव काय?

तिला वाटलं काही तक्रार करायची आहे. लेकीने फोनवर भाषांतर करून तिला दाखवलं: आईला तुमचं नाव लक्षात ठेवायचंय. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, पेश्तेमालला हात पुसले आणि नाव सांगितलं. दोनदा, सावकाश, मला नीट म्हणता येईपर्यंत. मग माझं विचारलं. माझं नाव तिला काही जमेना, पण तिने तीनदा प्रयत्न केला.

तिला न विचारता मी तिचं नाव इथे लिहिणार नाही. वहीत मात्र तारखेसकट लिहून ठेवलंय.