एका स्टुलाचा तंटा

जानेवारी 2024 मधल्या एका सोमवारी सकाळी इंदूरच्या विजय नगरातल्या एका कॉफी शॉपचे अकरा कर्मचारी माझ्या रामबागेतल्या कार्यालयात आले. त्यांच्या संपाचा तो तिसरा दिवस होता आणि दुपारी तीन वाजता श्रम कार्यालयात समेटाची बैठक ठरली होती.

कामगार कायद्याची वकिली करताना माझ्याकडे आजवर मुख्यतः गिरण्यांची जुनी प्रकरणे आली. तीसेक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या हुकूमचंद मिलच्या थकबाकीचा 224 कोटींचा धनादेश नुकताच, 25 डिसेंबरला, सुपूर्द झाला होता. त्या कामगारांजवळ निदान हजेरीचे आणि पगाराचे कागद तरी होते. या मुलांजवळ नेमणुकीचे पत्रही नव्हते. त्यांना सर्वांत मोठी भीती आपला संपच बेकायदा ठरेल याची होती. तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाच्या आगाऊ नोटिशीची सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती आणि कॉफी शॉप काही त्यांत मोडत नाही, हे सांगितल्यावर त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला.

कामाचे तास सिद्ध कसे करायचे, हा खरा पेच होता. मालकाच्या रजिस्टरात सगळ्यांचे आठ-आठ तास व्यवस्थित भरलेले होते. मात्र रात्री गल्ला मिटवल्यावर त्याचा फोटो आणि सकाळी मशीन सुरू केल्यावर तिचा फोटो मॅनेजरच्या वॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा दंडक मालकानेच घालून दिला होता, आणि ते सगळे फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये वेळेसह शिल्लक होते. सतरंजी अंथरून आम्ही चार आठवड्यांचा हिशेब मांडला. रात्री साडेबाराला शटर ओढणारा मुलगा सकाळी सातला पुन्हा काउंटरवर हजर, असे नऊ वेळा घडलेले दिसले. आठवड्याला 48 तासांच्या मर्यादेऐवजी कोणाचे 58, तर कोणाचे 64 तास भरले होते. वाफेने मनगट भाजलेल्या एका मुलीने औषधपाणी स्वतःच्या पैशाने केले होते. उपचारांचा खर्च उचलणारी कर्मचारी राज्य विमा योजना दहा कर्मचाऱ्यांपासून लागू होते, म्हणून रजिस्टरात नऊच नावे होती आणि उरलेले दोघे ‘ट्रेनी’ होते. त्यांतला एक ट्रेनी तीन वर्षांपासून ट्रेनीच होता.

बैठकीत मालकातर्फे आलेल्या सल्लागारांनी फोटो पाहिले आणि पैशांचा विषय तासाभरात संपवला. जादा तासांचे दुप्पट दराने पैसे दोन हप्त्यांत मिळणार आणि अकराही जणांची विम्यात नोंद होणार, एवढे ठरले. मला वाटले, निघायला हरकत नाही.

शेवटची मागणी काउंटरमागे बसायला स्टूल मिळावे, अशी होती, आणि तिच्यावर मात्र दीड तास गेला. बसलेला कर्मचारी ग्राहकाला आळशी वाटतो, असे मालकांचे म्हणणे होते. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले, हे मी सांगितले. ते कायदे इथे लागू नाहीत, असे श्रम अधिकाऱ्यांनी म्हटले आणि ते बरोबरच होते. (मध्य प्रदेशातली इंडियन कॉफी हाउसे जबलपूरची कामगारांचीच सहकारी संस्था चालवते, हेही ओठांवर आले होते, पण त्याने मालक अधिकच बिथरले असते.) अखेर ती भाजलेली मुलगी म्हणाली, "साहेब, गिऱ्हाईक असताना आम्ही बसणारच नाही. नसताना कोणाला दिसणार आहे?"

मालकांनी होकार दिला, पण मसुद्यात ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द घातले. पैशांच्या वेळी हजारांची घासाघीस न करणारा माणूस या दोन शब्दांसाठी इतका का झगडतो, ते मला तेव्हा उमगले: पैसे दिल्याने हिशेब मिटतो, पण स्टूल दिले की उभे राहणारा माणूस थकतो हे मान्य करावे लागते. ते शब्द खोडून तिथे दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत साडेसहा वाजले होते.

बुधवारी दुकान उघडले आणि त्या मुलीने मला मोबाइलवर फोटो पाठवला. काउंटरमागे एकच स्टूल होते, आणि पाळीला माणसे चार. खाली तिने विचारले होते, "ताई, करारात किती लिहिलेत?" करारात आकडा नव्हता, तो घालायचा राहिला, ही चूक माझीच होती. मी लगेच पुरवणी अर्जाचा मसुदा काढायला घेतला.